नियम ढकलण्याचा खेळ : ‘बाबा इज यू’ मुलांसोबत कसा खेळावा

‘बाबा इज यू’ हा आर्वी टेइकारी या फिनिश रचनाकाराचा व्हिडिओ खेळ १३ मार्च २०१९ रोजी संगणकासाठी आणि निन्टेंडो स्विच या खेळयंत्रासाठी प्रसिद्ध झाला आणि २०२१ मध्ये तो अँड्रॉइड व आयफोनवरही आला. दिसायला तो बाळबोध आहे : काळ्या पार्श्वभूमीवर चौकटींचा पट, हाताने काढल्यासारख्या सतत थरथरणाऱ्या रेषांची चित्रे, आणि ससा म्हणावा की मेंढी हे ठरवता न येणारा, बाबा नावाचा एक पांढरा प्राणी. या साध्या रूपाला भुलून अनेक पालक तो अगदी लहान मुलांचा करमणुकीचा खेळ समजतात आणि पंधरा-वीस कोड्यांनंतर मूल रडकुंडीला आले की खेळाला तरी दोष देतात किंवा मुलाला तरी. वास्तविक या खेळात दोनशेहून अधिक कोडी असून त्यांतील उत्तरार्धातली कोडी मुरलेल्या प्रौढ खेळाडूंनाही अडवून धरतात. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलासोबत हा खेळ खेळू इच्छिणारे पालक आणि शिक्षक यांना उपयोगी पडावे, या हेतूने खेळाची रचना, त्यामागील विचार आणि खेळताना मोठ्यांनी काय करावे व मुख्यतः काय करू नये, याचे विवेचन येथे केले आहे.

हा खेळ चालीगणिक पुढे सरकणारा आहे, म्हणजे खेळाडूने एक पाऊल टाकले तरच पटावरची परिस्थिती बदलते आणि तो थांबला तर सारे जागच्या जागी थांबते. बुद्धिबळात प्रतिपक्षाची चाल असते, येथे तीही नाही. घड्याळ नाही, गुण नाहीत, मर्यादित जीव नाहीत, आणि बोटांच्या चपळाईला काडीचेही मोल नाही. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘सोकोबान’ हा जपानी खेळ. तो हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ मध्ये रचला आणि पुढच्या वर्षी थिंकिंग रॅबिट या कंपनीने बाजारात आणला. गोदामातला कामगार पेट्या ढकलत ठरलेल्या जागी नेतो एवढाच त्याचा विषय, पण पेटी फक्त ढकलता येते, ओढता येत नाही, या एकाच अटीमुळे कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची अडकते आणि साध्या दिसणाऱ्या पटावर विचाराला बसावे लागते. जोसेफ कल्बर्सन या संगणकशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये सिद्ध केले की सोकोबानचे कोडे सुटेल की नाही हे ठरवणे संगणकासाठीही अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडते. तेव्हा पोराटोरांचा खेळ म्हणून या प्रकाराकडे पाहणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

टेइकारी यांनी या जुन्या प्रकारात केलेला बदल वरवर किरकोळ, पण मुळावरच घाव घालणारा आहे. सोकोबानमध्ये पेटी ढकलायची असते. ‘बाबा इज यू’मध्ये पेट्यांबरोबर नियमही ढकलता येतात, कारण नियम हे पटावरच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपात पडलेले असतात. ‘बाबा’, ‘इज’, ‘यू’ हे तीन ठोकळे डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली एका ओळीत आले की ‘बाबा म्हणजे तू’ असा नियम लागू होतो आणि खेळाडूच्या हाती बाबाचे नियंत्रण येते. ‘वॉल इज स्टॉप’ असे जुळलेले असेल तोवर भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा बाजूला ढकलला की भिंत हे नुसते चित्र उरते आणि बाबा तिच्यातून खुशाल आरपार चालत जातो. ‘रॉक इज पुश’ असेल तर दगड ढकलता येतो, ‘फ्लॅग इज विन’ असेल तर झेंड्याला स्पर्श केल्यावर पातळी सुटते. आता कोणी ‘फ्लॅग’ हा ठोकळा काढून त्या जागी ‘रॉक’ ठेवला तर विजय झेंड्याकडून दगडाकडे जातो; ‘बाबा’च्या जागी ‘वॉल’ आणला तर पटावरच्या सगळ्या भिंती एकदम खेळाडूच्या आज्ञेने चालू लागतात; आणि ‘रॉक इज फ्लॅग’ असे दोन नामांचे वाक्य जुळवले तर पटावरचा प्रत्येक दगड त्या क्षणी झेंडा बनतो. खेळाचा जन्मही अशाच एका वाक्यातून झाला. कोपनहेगन येथे २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक वेळात खेळ रचून दाखवण्याच्या मेळाव्यात, ‘तेथे नाही’ असा विषय दिला गेला होता. त्यावरून टेइकारी यांना नकार, आणि, किंवा अशा तार्किक शब्दांचा विचार सुचला आणि लाव्हात पडूनही न वितळणारा बर्फाचा तुकडा डोळ्यांपुढे आला, कारण शेजारी तसा नियम लिहिलेला होता. त्या मेळाव्यात हा खेळ पहिला आला आणि २०१८ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला उत्कृष्ट रचनेचा आणि सर्वोत्तम विद्यार्थी खेळाचा असे दोन पुरस्कार मिळाले.

मुलाच्या कल्पनाशक्तीशी याचा संबंध काय, असा प्रश्न येथे साहजिक आहे, कारण खेळात मूल नाही, परीकथा नाही, स्वप्न नाही. उत्तरासाठी लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाकडे वळावे लागते. लेनिनग्राड येथे १९३३ मध्ये दिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी, १९६६ मध्ये छापल्या गेलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की मुलांच्या कल्पित खेळात नियम नसतात हा समज चुकीचा आहे. प्रत्येक कल्पित प्रसंगाच्या पोटात नियम असतात आणि उलटपक्षी प्रत्येक नियमबद्ध खेळाच्या पोटात एक कल्पित प्रसंग दडलेला असतो. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ सोडवून दुसऱ्या वस्तूला जोडते, पण ते मनमानी करत नाही, कारण काठीवर बसता येते म्हणून ती घोडा होऊ शकते, पोस्टकार्डाचा घोडा होत नाही. महाराष्ट्रातल्या अंगणात हेच सिद्धांतरूप न घेता चालत आले आहे. भातुकलीत विटेचा चुरा म्हणजे तिखट आणि पाने म्हणजे पोळ्या, हे एकदा ठरले की ते पाळावे लागते आणि मध्येच कोणी पानाला पैसा म्हटले तर भांडण होते. पकडापकडीत लहानग्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ जाहीर केले की राज्य घेण्याचा नियम त्याच्यापुरता उठतो, आणि धाप लागलेल्याने ‘टाइम प्लीज’ म्हटले की सगळ्या खेळाचे नियम घटकाभर थांबतात. नियम हे बोलून केलेले असतात, म्हणून बोलून बदलता येतात, हे मुलाला पाच-सहाव्या वर्षीच पक्के ठाऊक असते. शाळेत गेल्यावर मात्र नियम फळ्यावर येतात आणि बदलण्याची सोय राहत नाही. ‘बाबा इज यू’ ती सोय परत देतो, आणि तीही मोकाट नव्हे, कारण नियम बदलायचा तर ठोकळा प्रत्यक्ष ढकलावा लागतो, त्यासाठी त्याच्या मागे जाऊन उभे राहायला जागा लागते, आणि जागा नसेल तर कल्पना कितीही सुंदर असली तरी तिचा उपयोग नाही. कल्पनेला अशी वास्तवाची वेसण घालणारे खेळ फार थोडे आहेत, आणि याच कारणाने हा खेळ मुलाला द्यावा असे म्हणता येते. केवळ ‘बुद्धी वाढते’ या जाहिरातबाज समजुतीने देऊ नये, कारण एका खेळातले कौशल्य आपोआप गणितात किंवा परीक्षेत उतरते असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

खेळाला बसण्यापूर्वी भाषेची एक अडचण सोडवावी लागते. पटावरचे ठोकळे इंग्रजी आहेत, आणि मराठी माध्यमात शिकणाऱ्या तिसरी-चौथीतल्या मुलाला ‘सिंक’, ‘मेल्ट’, ‘डिफीट’ यांचे अर्थ ठाऊक असतीलच असे नाही. येथे शब्दार्थांची यादी पाठ करून घेण्याचा मोह पालकांनी आवरावा. सुरुवातीला पाच-सात शब्द पुरतात, आणि पुढचे शब्द खेळ स्वतःच कृतीतून समजावून देतो : ‘वॉटर इज सिंक’ असे लिहिलेल्या पाण्यात दगड ढकलला की दगड आणि पाण्याची ती चौकट दोन्ही नाहीशी होतात, आणि ‘सिंक’चा अर्थ त्यानंतर सांगावा लागत नाही. मुलाने शब्द वाचावा, त्याचा परिणाम पाहावा आणि मग आपल्या बोलीत सांगावे, हा क्रम ठेवला तर इंग्रजीची भीती खेळाच्या आड येत नाही. वाचनच अजून न येणाऱ्या मुलासाठी मात्र हा खेळ नाही. त्याने खुशाल भातुकली खेळावी.

पहिल्या पातळीत चार नियम डोळ्यांसमोर मांडलेले असतात आणि दगड ढकलून झेंड्यापर्यंत गेले की ती सुटते. ती इतकी सोपी आहे की मूल नियम न वाचताच जिंकते, आणि पुढच्या त्रासाचे बीज येथेच पडते. म्हणून पहिल्या पातळीपासूनच एक शिस्त लावावी : पहिले पाऊल टाकण्याआधी पटावरचे सगळे नियम मुलाने मोठ्याने वाचायचे. ही शिस्त शिक्षेसारखी लादण्याऐवजी मोठ्या माणसाने स्वतःच्या पाळीला ती आधी पाळून दाखवावी. पुढील पातळ्यांत चित्र तेच ठेवून नियम उलटवलेले असतात, भिंतीसारखी दिसणारी वस्तू अडवत नाही आणि निरुपद्रवी दिसणारी वस्तू अडवते, तेव्हा डोळ्यांवर विश्वास ठेवून धावणारे मूल फसते आणि वाचून चालणारे मूल वाचते.

वाचन झाल्यावर दुसरा प्रश्न येतो तो असा, की यांतील कोणता नियम मोडता येणारच नाही. हा प्रश्न नवख्यांना उलटा वाटतो, कारण काय करता येईल हे शोधायचे सोडून काय करता येणार नाही हे का शोधावे, असे त्यांना वाटते. परंतु या खेळातली बहुतेक कोडी याच टोकाकडून उकलतात. पटाच्या कडेला आडवी लागून असलेली तीन शब्दांची ओळ मोडता येत नाही, कारण कडेच्या पलीकडे उभे राहायला जागा नसते, ठोकळा ओढता येत नाही आणि बाजूने ढकलले तर तिन्ही शब्द एकत्रच सरकतात. कोपऱ्यात बसलेली ओळ तर हलतही नाही. असे अचल नियम बाजूला काढले की उरतात ते दोन-तीन हलते शब्द, आणि रचनाकाराने ते हलते ठेवले आहेत याचाच अर्थ त्यांच्यात उत्तर आहे. मोडता न येणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘अँड’ आणि आणखी एक गुण जोडून तिचा अर्थ वाढवता मात्र येतो, ही युक्ती पुढे फार उपयोगी पडते, पण ती मुलाला आधी सांगू नये. ती स्वतः सापडण्याचा आनंद या खेळातल्या मोठ्या आनंदांपैकी आहे आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तिसरा प्रश्न विजयाकडून मागे येणारा असावा. पातळी सुटायची तर दोन गोष्टी लागतात : कोणीतरी ‘यू’ असले पाहिजे आणि कशावर तरी ‘विन’ लागलेले असले पाहिजे. तेव्हा ‘आत्ता तू कोण आहेस?’ आणि ‘जिंकायचं कशाने?’ हे दोनच प्रश्न मोठ्यांनी पुन्हा पुन्हा विचारावेत. मुलाचे पहिले उत्तर बहुधा ‘मी बाबा, आणि झेंड्याने जिंकायचं’ असे येते, त्यावर ‘नेहमीच?’ एवढे म्हणून थांबावे. अनेक मुलांना याच ठिकाणी प्रथम उमगते की आपण बाबाच असले पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. जिंकण्यासाठी झेंड्यापर्यंत जाणे हा एक मार्ग झाला, झेंड्यालाच आपल्याकडे आणणे हा दुसरा, हाताशी असलेल्या वस्तूला झेंड्याचे काम देणे हा तिसरा, आणि आपण स्वतःच झेंडा होणे हा चौथा. ‘बाबा इज यू’ आणि ‘बाबा इज विन’ हे दोन्ही नियम एकदम लागू झाले तर बाबाला कोठेही जावे लागत नाही, पातळी उभ्या जागी सुटते.

मुलाच्या हातून ‘बाबा इज यू’ हेच वाक्य मोडले जाण्याची वेळ लवकर येते. त्या क्षणी पटावर खेळाडू असा कोणी उरत नाही, संगीत थांबते, आणि कळ दाबूनही काही हलत नाही. काही मुले येथे घाबरतात, काही यंत्र बिघडले असे समजतात. मोठ्यांनी घाईघाईने हातातून खेळ काढून घेऊ नये. ‘काय झालं असेल?’ असे विचारून मुलाला पट पुन्हा वाचू द्यावा. नियंत्रण नाहीसे झाले याचे कारण पटावरच लिहिलेले आहे, हे त्याने स्वतः वाचून काढले की खेळाची रचना त्याला एका झटक्यात कळते. मग चाल मागे घेण्याची कळ दाखवावी. संगणकावर ती झेड आहे, आर दाबले की पातळी पहिल्यापासून सुरू होते, आणि स्पेस दाबले की न हलता एक चाल जाऊ देता येते. चाली कितीही मागे घेता येतात आणि त्यासाठी काहीही दंड नाही. ज्या मुलाला शाळेत खाडाखोडीबद्दल बोलणी बसतात त्याला ही मोकळीक पचायला वेळ लागतो. ते एकच चाल मागे घेऊन कावरेबावरे होते. अशा मुलाला मुद्दाम चुकीची चाल करून पाहण्यास सांगावे, म्हणजे सगळे शब्द अस्ताव्यस्त ढकलून काय काय घडते ते पाहावे आणि मग सारे मागे घ्यावे. याउलट काही मुले विचार न करता ठोकळे ढकलत सुटतात आणि कधीतरी योगायोगाने जिंकतात. त्यांना जिंकल्यानंतर ‘कसं सुटलं ते सांग’ असे विचारावे, आणि सांगता आले नाही तर तीच पातळी पुन्हा खेळायला लावावी.

मदत कशी करावी हा या लेखातला सर्वांत नाजूक भाग आहे. मोठ्यांना उत्तर आधी दिसते असे नाही, पण दिसले की त्यांच्याने राहवत नाही, आणि बोट आपसूक पडद्याकडे जाते. येथे एक साधा नेम पाळावा : मोठ्या माणसाने यंत्राला हात लावू नये आणि कोणतीही चाल सुचवू नये, सुचवायचाच झाला तर प्रश्न सुचवावा. ‘तो शब्द वर ढकल’ ही मदत नव्हे, आदेश झाला. ‘त्या शब्दाच्या खाली कोण उभं राहू शकेल?’ ही मदत झाली. प्रश्न एकदा विचारल्यावर बराच वेळ गप्प राहणे भाग आहे, आणि घरातल्या बहुतेकांना तेच जमत नाही. भावंडे एकत्र खेळत असतील तर एकाने कळा सांभाळाव्यात आणि दुसऱ्याने नियम वाचावेत, पातळी बदलली की भूमिका बदलाव्यात. त्यामुळे मोठे भावंड सगळे उरकून टाकते आणि धाकटे नुसते पाहत बसते ही नेहमीची तक्रार बरीचशी मिटते. इंटरनेटवर प्रत्येक पातळीच्या उत्तराची चित्रफीत सहज मिळते, ती पाहू नये हे वेगळे सांगायला हवे, कारण एकदा उत्तर पाहिलेली पातळी पुन्हा कोरी होत नाही.

अडले तर काय करावे, याचे उत्तर खेळाच्या नकाशातच आहे. पातळ्या एका रांगेत नसून नकाशावर पसरलेल्या आहेत, एक सुटली की शेजारच्या उघडतात, आणि एखादा विभाग पार करण्यासाठी त्यातल्या सगळ्याच सोडवाव्या लागत नाहीत. तेव्हा एका कोड्यापुढे डोके आपटत बसण्यापेक्षा दुसरे घ्यावे, किंवा खेळ बंद करून उठावे. पट घड्याळाला बांधलेला नसल्यामुळे अर्धवट सोडण्यात काहीही गमावत नाही, आणि जेवताना किंवा अंघोळ करताना अचानक उत्तर सुचण्याचा अनुभव या खेळात वारंवार येतो. एका बैठकीत दोन-तीन नवी कोडी सुटली तर ती बैठक चांगली झाली असे समजावे. तासभर सलग खेळल्यावर मूल वाचणे सोडून ढकलू लागते. ते थांबण्याचे लक्षण आहे. उत्तरार्धातल्या पातळ्या मुलाने सोडवल्याच पाहिजेत असा आग्रह धरू नये. तेथे ‘नॉट’, ‘हॅज’, ‘मेक’ असे शब्द येऊन वाक्ये लांबत जातात, आणि टेइकारी यांनी त्या रचताना लहान मुले डोळ्यांपुढे ठेवलेली नाहीत हे उघड दिसते. हा खेळाचा दोष म्हणायचा की नाही यावर मतभेद होतील, पण सोप्याकडून अवघडाकडे जाणारी चढण मध्येच एकाएकी उभी होते हे मान्य केले पाहिजे.

खेळाचे खरे फळ मात्र पडद्याबाहेर मिळते. मुलाला दहा-बारा पातळ्यांचा सराव झाला की त्याने स्वतः कोडे रचावे, आणि त्यासाठी यंत्राची मुळीच गरज नाही. बुद्धिबळाचा पट, मूठभर चिंचोके, जाड कागदाचे चौकोनी तुकडे आणि मांजर म्हणून एखादे बटण एवढे साहित्य पुरते. शब्द मराठीत लिहावेत आणि ‘इज’च्या जागी ‘म्हणजे’ घ्यावे, कारण ‘मांजर म्हणजे मी’, ‘भिंत म्हणजे अडथळा’, ‘झेंडा म्हणजे विजय’ ही वाक्ये तीन ठोकळ्यांत नीट बसतात आणि नाम बदलले तरी क्रियापदाचे लिंग बदलण्याची कटकट राहत नाही. नमुन्यादाखल एक कोडे असे मांडावे. पटाच्या वरच्या डाव्या भागात सात गुणिले सात घरांचा चौकोन घेऊन त्याच्या कडेच्या चोवीस घरांत चिंचोके ठेवावेत. ही भिंत झाली, आणि तिच्या आत पाच गुणिले पाच घरांची खोली उरली. खोलीतल्या मधल्या, म्हणजे वरून तिसऱ्या ओळीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या घरात अनुक्रमे ‘भिंत’, ‘म्हणजे’, ‘अडथळा’ ठेवावेत. ‘अडथळा’च्या बरोबर वरच्या घरात ‘विजय’ हा सुटा शब्द ठेवावा. मांजर खोलीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, आणि ‘मांजर म्हणजे मी’ हे वाक्य खोलीबाहेर, पटाच्या सर्वांत खालच्या ओळीत, म्हणजे ते मोडण्याची भीती नाही. झेंडा पटावर कोठेच नाही.

मुले आधी झेंडा शोधतात आणि तो राहून गेला असे म्हणतात. मग काही जण ‘म्हणजे’ हा ठोकळा बाजूला ढकलून भिंतीतून बाहेर पडतात आणि बाहेर काहीच नाही हे पाहून परत येतात. ती चालही वाया गेलेली नसते, कारण भिंत आता अडवत नाही हे त्यातून कळते. उत्तर असे आहे की मांजराने डाव्या कडेने वर जाऊन सर्वांत वरच्या ओळीतून चौथ्या घरापर्यंत यावे आणि तेथून सरळ खाली ढकलावे : ‘विजय’ एक घर खाली सरकतो, तो आपल्याखालच्या ‘अडथळा’लाही खाली रेटतो, आणि मधल्या ओळीत ‘भिंत म्हणजे विजय’ असे वाक्य तयार होते. जी भिंत आतापर्यंत कोंडून ठेवत होती तिलाच शिवायचे आहे, आणि तिचे अडवणे त्याच चालीत संपलेले आहे. हे कोडे सुटल्यावर मुलाला ‘विजय’ हा शब्द एक घर डावीकडे ठेवून पाहायला सांगावे आणि आता ते सुटते का, किती फेऱ्यांनी सुटते, की कायमचे अडकते, हे त्यालाच तपासू द्यावे. कोडे सोडवण्यापेक्षा ते मोडके आहे की धड आहे हे तपासणे अधिक कष्टाचे असते. कागदी पटावर आणखी एक लाभ होतो, तो म्हणजे नियम लागू झाला की नाही हे यंत्र सांगत नाही, खेळणाऱ्यांना आपसांत ठरवावे लागते, आणि ‘वरून खाली आलेलं वाक्य धरायचं का?’ असल्या मुद्द्यांवर भावंडांत होणारा वाद हा वेळेचा अपव्यय समजू नये.

त्याही पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी दोन वाटा आहेत. मूळ खेळात २०२१ पासून पातळ्या रचण्याचे साधन समाविष्ट झाले असून त्यात स्वतःचा पट आखून इतरांना खेळायला देता येतो. दुसरी वाट ‘पझलस्क्रिप्ट’ची : स्टीफन लॅव्हेल यांनी २०१३ मध्ये उपलब्ध करून दिलेले हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते आणि नेमके चालीगणिक सरकणाऱ्या कोड्यांसाठीच बनवलेले आहे. त्यात सोकोबानचा सारा कारभार एका ओळीत लिहिता येतो, ज्या ओळीचा अर्थ इतकाच की खेळाडू ज्या दिशेने निघाला आहे त्या दिशेला लागून पेटी असेल तर तीही त्याच दिशेने निघेल. संगणकाला सूचना लिहिणे म्हणजे काय हे याहून कमी शब्दांत समजावणारे साधन सापडणे कठीण. येथेही इंग्रजी अक्षरांचा सराव लागतो, म्हणून पाचवी-सहावीच्या आधी त्याची घाई करू नये.

खरेदीबाबत एवढे सांगणे पुरेसे आहे की ‘बाबा इज यू’साठी एकदाच पैसे मोजावे लागतात, त्यात जाहिराती नाहीत आणि खेळता खेळता आणखी पैसे मागितले जात नाहीत. घरात फोन आणि संगणक दोन्ही असतील तर संगणक निवडावा, कारण मोठ्या पडद्यासमोर दोघे-तिघे शेजारी बसू शकतात आणि पट सगळ्यांना वाचता येतो. फोन एकाच्याच हातात राहतो. मात्र पैसे खर्च करण्याआधी वर वर्णन केलेला चिंचोक्यांचा पट एखाद्या सुट्टीच्या दुपारी मांडून पाहावा. त्यात मूल रमले आणि दुसरे कोडे मागू लागले तर खेळ अवश्य घ्यावा. कंटाळून उठले तर वर्षभर थांबावे.